गवती चहातून सोन्याचे त्रिकोण : पुण्यातील अब्जांश संशोधनाचा मागोवा

पुण्यात पावसाळा सुरू झाला की घरोघरी चहाच्या आधणात गवती चहाची पात पडते. हीच पात पाण्यात उकळून तिचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला, तर काही तासांत त्या द्रावणात सोन्याचे अतिसूक्ष्म, चपटे त्रिकोण तयार होतात. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील म्हणजेच एनसीएलमधील संशोधकांनी हा निष्कर्ष २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. शिव शंकर, अखिलेश राय, बालाप्रसाद अंकमवार, अमित सिंह, अबसार अहमद आणि मुरली शास्त्री हे त्या निबंधाचे लेखक. वनस्पतींच्या साहाय्याने धातूंचे अब्जांश कण बनविण्याच्या क्षेत्रात आज जगभर जे असंख्य निबंध प्रसिद्ध होतात, त्यांच्या संदर्भसूचीत हा पुण्याचा निबंध वारंवार भेटतो.

‘नॅनो’ला मराठीत ‘अब्जांश’ हा समर्पक शब्द रूढ झाला आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते, यावरून या मापाची कल्पना यावी. पदार्थ या मापापर्यंत लहान केला की त्याचे गुणधर्म बदलू लागतात. सोने हे याचे सर्वांत देखणे उदाहरण. सराफाच्या दुकानातील सोने पिवळे दिसते. तेच सोने दहा-वीस नॅनोमीटरच्या गोल कणांच्या रूपात पाण्यात तरंगत असेल, तर पाणी माणकासारखे लाल दिसते.

याचे कारण सोन्यातील मुक्त इलेक्ट्रॉनांमध्ये आहे. प्रकाशाची लहर कणावर आदळली की हे इलेक्ट्रॉन एकत्रितपणे मागेपुढे हेलकावतात. लहान गोल कणांत या हेलकाव्यांची लय सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळते. तो प्रकाश शोषला जातो आणि उरलेला लाल आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. मायकेल फॅरेडे याने १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अशी लाल द्रावणे तयार करून त्यांचा रंग सोन्याच्या सूक्ष्म कणांमुळे येतो, असे मांडले होते. त्याहून कितीतरी आधी, इसवी सनाच्या चौथ्या शतकात, रोमन कारागिरांनी सोन्याचांदीचे असेच कण मिसळून प्रकाशानुसार रंग पालटणारा काचेचा चषक घडविला होता; तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपल्याकडे अशा वेळी सुवर्णभस्माचा उल्लेख हमखास होतो. सुवर्णभस्मात अब्जांश आकाराचे स्फटिक आढळल्याचे अलीकडच्या तपासण्यांतून दिसले आहे, हे खरे. मात्र कण लहान असणे आणि औषध गुणकारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही.

एनसीएलच्या त्रिकोणांचे महत्त्व आकारामुळे होते. कण गोल असेल तर इलेक्ट्रॉनांना सर्व दिशांना सारखीच जागा मिळते. चपट्या त्रिकोणात मात्र त्यांना लांबवर धावता येते, हेलकावे मंदावतात आणि शोषण दृश्य प्रकाशाच्या पलीकडे, अवरक्त किरणांच्या पट्ट्यात सरकते. अवरक्त किरण म्हणजे ढोबळमानाने उष्णता. दृश्य प्रकाश बऱ्याच अंशी आत येऊ द्यायचा, पण उन्हाची धग अडवायची, असा लेप खिडकीच्या काचेवर देता येईल का, ही शक्यता याच गटाने २००५ मध्ये तपासून पाहिली. अर्काचे प्रमाण कमी-जास्त करून त्रिकोणांची लांबी आणि त्यायोगे शोषणाचा पट्टा हवा तसा हलविता येतो, हे त्यांनी दाखविले. एप्रिल-मे महिन्यांत काचेच्या दर्शनी भिंतींमागे बसून काम करणाऱ्यांना या शक्यतेचे मोल वेगळे सांगायला नको.

गिर्यारोहक संचालक

हे काम पुण्यात अचानक उगवले नाही. एनसीएलची पायाभरणी ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते झाली आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन हे साबणाच्या द्रावणांचे जगप्रसिद्ध अभ्यासक. साबणाचे रेणू पाण्यात एकेकटे न राहता काही नॅनोमीटरचे झुबके करून राहतात, ही कल्पना त्यांनी १९१३ च्या सुमारास मांडली, तेव्हा सभेच्या अध्यक्षांनी ती मूर्खपणाची म्हणून झिडकारली, अशी आख्यायिका रसायनशास्त्राच्या वर्तुळात सांगितली जाते. त्या झुबक्यांना आज ‘मायसेल’ म्हणतात आणि कपडे धुण्याच्या पावडरीचे सारे शास्त्र त्यावर उभे आहे. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द १९७४ मध्ये जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी वापरला. त्याच्या पावशतकाआधी पाषाणला आलेला पहिला संचालक याच मापाच्या जगाचा जाणकार होता.

मॅकबेन यांच्यानंतर १९५२ मध्ये आलेले जॉर्ज इंगल फिंच यांची ओळख मात्र विज्ञानाबाहेरही मोठी होती. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत नळकांड्यातील प्राणवायूचा आग्रह धरणारे ते हेच फिंच. असा कृत्रिम प्राणवायू घेऊन चढणे खिलाडूपणाला धरून नाही, असे त्या काळी अनेक गिर्यारोहकांचे मत होते. फिंच आणि जेफ्री ब्रूस यांनी त्या वर्षी मे महिन्यात प्राणवायूच्या बळावर सुमारे ८,३०० मीटर उंची गाठली. तोवर माणूस इतक्या उंचीवर कधीच पोचला नव्हता. पुढे २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी प्राणवायूच्याच साहाय्याने शिखरावर पोचले, तेव्हा फिंच पुण्यात एनसीएलच्या संचालकपदी होते.

विज्ञानात फिंच यांचे हत्यार होते इलेक्ट्रॉन विवर्तन. इलेक्ट्रॉनांचा झोत पदार्थाच्या पृष्ठभागावर तिरका सोडायचा आणि परतणाऱ्या झोताने उमटविलेल्या कड्यांवरून, ठिपक्यांवरून तेथील अणूंची मांडणी ओळखायची, ही ती पद्धत. घासून चकचकीत केलेल्या धातूच्या वरच्या थरात काय घडते, इंजिनाच्या सिलिंडरची झीज कशी होते, असे प्रश्न त्यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात याच मार्गाने हाताळले होते. १९५७ पर्यंत ते पुण्यात होते. याच दशकात ए. पी. बी. सिन्हा, ए. बी. बिस्वास यांच्यासारख्या संशोधकांनी प्रयोगशाळेत मँगनीजच्या संयुगांची स्फटिकरचना, फेराइटसारखे चुंबकीय पदार्थ अशा घन पदार्थांच्या अभ्यासाची परंपरा रुजविली. रंग, औषधे, कीटकनाशके आणि उत्प्रेरक यांसाठी एनसीएलचे नाव अधिक घेतले जाते. घन पदार्थांचे हे दालन त्या मानाने झाकलेले राहिले.

मर रोगाची बुरशी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुरली शास्त्री हे धातूंच्या अब्जांश कणांवर, तर अबसार अहमद हे बुरशींवर काम करीत होते. धातूचे कण बनविण्याच्या रूढ रासायनिक पद्धतीत क्षारातील धातूच्या आयनाला इलेक्ट्रॉन देणारे एखादे तीव्र रसायन लागते, आणि बनलेले कण एकमेकांना चिकटून त्यांचा गाळ होऊ नये म्हणून त्यांच्यावर आवरण चढविणारे दुसरे. यांतील काही रसायने विषारी असतात. हे काम एखाद्या जिवाकडून करून घेता येईल का, असा प्रश्न या दोघांच्या सहकार्यातून पुढे आला.

२००१ मध्ये व्हर्टिसिलियम जातीच्या बुरशीने हे करून दाखविले, पण तिने कण स्वतःच्या पेशीतच साठविले. ते बाहेर काढायचे तर पेशी फोडावी लागणार. पुढच्या दोन वर्षांत फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीने ही अडचण सोडविली. हरभऱ्याला, केळीला मर रोग आणणारी हीच ती बुरशी. शेतकऱ्याला नकोशी, पण प्रयोगशाळेला उपयोगी. ती आपली विकरे बाहेरच्या पाण्यात सोडते, त्यामुळे सोन्याचे आणि चांदीचे कण पेशीबाहेरच तयार होतात आणि प्रथिनांच्या आवरणामुळे गाळ न होता दीर्घकाळ टिकतात.

बुरशीला वेळ लागतो; चांदीच्या कणांसाठी दिवस मोजावे लागतात. वनस्पतींचा अर्क तेच काम तासांत उरकतो. अमेरिकेत टेक्सासमधील संशोधकांनी लसूणघासाच्या जिवंत रोपांत सोन्याचे कण दाखविले होते. पुण्याच्या गटाने रोप बाजूला ठेवून पानांचा काढाच वापरला. जिरॅनियम, कडुलिंब, गवती चहा, आवळा, चिंचेची पाने, कोरफड अशी ही यादी २००३ ते २००६ या काळात वाढत गेली. या यादीकडे पाहिले तर एखाद्या आजीबाईच्या बटव्याची आठवण व्हावी. अर्कातील शर्करा आणि तत्सम घटक धातूच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतात. अन्य घटक तयार कणाला वेढून राहतात. गवती चहाच्या बाबतीत आधी गोल कण बनतात. त्यांचा पृष्ठभाग जणू द्रवासारखा मऊ असतो आणि ते साध्या तापमानालाच एकमेकांत मिसळून त्रिकोणी स्फटिक घडवितात, असे संशोधकांचे अनुमान होते. शास्त्री यांना २००२ मध्ये रसायनशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

पुढे या वाटेवर इतकी गर्दी झाली, की ‘अमुक पानापासून चांदीचे कण’ हा निबंधांचा साचाच होऊन बसला. बागेतील एकही झाड त्यातून सुटले नसावे. या गर्दीत काही अवघड प्रश्न मागे पडले. पानाच्या अर्काचे घटक ऋतूनुसार, जमिनीनुसार, पानाच्या वयानुसार बदलतात. मग जूनमध्ये बनविलेले कण आणि जानेवारीत बनविलेले कण एकसारखे कसे असतील? कारखान्याला तर प्रत्येक खेपेला तोच माल हवा असतो. शिवाय ‘हरित’ म्हणविल्या जाणाऱ्या या पद्धतीत सोन्याचा किंवा चांदीचा क्षार मात्र खाणीतून आणि आम्लातूनच येतो. प्रयोगशाळेतील चंचुपात्रापासून कारखान्याच्या टाकीपर्यंतचे अंतर वनस्पतींच्या या कणांनी अद्याप फारसे कापलेले नाही, हे मान्य करायला हवे.

तुसाची राख आणि चांदी

चांदीचे अब्जांश कण मात्र दुसऱ्या वाटेने थेट स्वयंपाकघरात पोचले, आणि त्या वाटेवरचे मुख्य टप्पेही पुण्यातलेच आहेत.

टाटा समूहाने १९८१ मध्ये पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर स्थापन केले. त्याची धुरा ई. सी. सुब्बाराव या नामवंत पदार्थशास्त्रज्ञाकडे होती. संगणक कंपनीशी निगडित असूनही या केंद्राने एका अगदी घरगुती प्रश्नाला हात घातला : विजेशिवाय, नळाच्या दाबाशिवाय, गरिबाला परवडेल असे पाणी कसे गाळावे? उत्तर सापडले भाताच्या तुसात. मावळात, भोरमध्ये, कोकणात भातगिरण्यांबाहेर तुसाचे ढीग पडलेले असतात. तूस जाळले की वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. जाळताना तापमान आटोक्यात ठेवले, तर ही सिलिका स्फटिकरूप न होता सच्छिद्र राहते आणि तिच्यातील अगणित सूक्ष्म छिद्रांत गढूळपणा व बरेचसे जंतू अडकतात. राख, सिमेंट आणि खडे यांपासून बनविलेल्या या गाळणीला ‘सुजल’ असे नाव मिळाले. २००४ च्या त्सुनामीनंतर आपद्ग्रस्त भागात ती वापरली गेली.

केवळ गाळून जंतू अडतात, मरत नाहीत. तेथे चांदी कामी आली. चांदीच्या कणाच्या पृष्ठभागावरून सुटणारे आयन जिवाणूच्या आवरणाला इजा करतात, त्याच्या प्रथिनांतील गंधकाच्या गटांना चिकटतात आणि विकरांचे काम बंद पाडतात. कण जितका लहान, तितका त्याच वजनाच्या चांदीचा पृष्ठभाग मोठा. म्हणून अत्यल्प चांदीत काम भागते. बाळाला चांदीच्या वाटी-चमच्याने उष्टावण करण्याची आपली रीत येथे कोणाला आठवेल. त्या रीतीमागे हा विचार होता असे म्हणायला पुरावा नाही, पण चांदीचे आणि तांब्याचे जंतुनाशक गुण प्रयोगांनी निर्विवाद सिद्ध झालेले आहेत.

टाटा केमिकल्सने पुण्यातच नवसंशोधन केंद्र सुरू केले आणि एनसीएल सोडल्यावर मुरली शास्त्री तेथे मुख्य वैज्ञानिक झाले. तुसाच्या राखेवर चांदीचे अब्जांश कण बसविलेला ‘टाटा स्वच्छ’ हा जलशुद्धीकारक डिसेंबर २००९ मध्ये रतन टाटा यांच्या उपस्थितीत बाजारात आला. त्याची किंमत हजार रुपयांच्या आत ठेवली होती आणि एक कांडी सुमारे तीन हजार लिटर पाण्याला पुरेल, असे कंपनीने सांगितले होते.

याच सुमारास आगरकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या अब्जांश कणांचा जखमांवर लावण्याचा मलम विकसित केला. त्यावरील निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. भाजलेल्या जखमांवर चांदीची संयुगे पूर्वीपासून वापरली जातात. कण अब्जांश केल्यास कमी चांदीत तोच परिणाम साधता येतो, हा यातला फायदा. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची संशोधन शाखा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेचे हे काम पुणेकरांना फारसे ठाऊक नाही.

विद्यापीठातील प्लाझ्मा

गणेशखिंडीतील पुणे विद्यापीठाच्या, आताच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या, भौतिकशास्त्र विभागाने अगदी उलटा मार्ग धरला. मराठी विश्वकोशाने प्लाझ्माला ‘आयनद्रायू’ असा शब्द दिला आहे. तो सुरेख असला तरी बोलण्यात उतरला नाही. वायूला इतकी ऊर्जा दिली की त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात, म्हणजे प्लाझ्मा. वीज कडाडते किंवा वेल्डिंगची ठिणगी उडते तेव्हा तो आपण पाहतोच. विभागात डॉ. सुधा भोरसकर यांच्या गटाने औष्णिक प्लाझ्माच्या साहाय्याने धातूंच्या ऑक्साइडांचे अब्जांश कण बनविण्याचे काम अनेक वर्षे केले. विद्युत ज्योतीत तापमान काही हजार अंशांवर जाते, धातूची वाफ होते आणि ती थंड होत असताना प्राणवायूशी संयोग पावून सूक्ष्म कणांच्या रूपात भांड्याच्या भिंतींवर साचते. यात ना द्रावण, ना आवरण चढविणारे रसायन, ना सांडपाणी. वीज मात्र भरपूर लागते. त्याच विभागात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनी अर्धवाहकांच्या अब्जांश कणांवर आणि पृष्ठभागांच्या अभ्यासावर संशोधकांची पिढी घडविली. अशा अर्धवाहक कणांचा रंग केवळ त्यांच्या आकारमानावर ठरतो. या ‘क्वांटम डॉट’च्या शोधालाच २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

केंद्र सरकारने २००७ मध्ये पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपयांचे ‘नॅनो मिशन’ मंजूर केल्यानंतर अशा कामांना बळ मिळाले. एनसीएलचा भर पुढे ऊर्जेकडे वळला. प्रयोगशाळेने केपीआयटी कंपनीबरोबर विकसित केलेल्या हायड्रोजन इंधन-घटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी २०२० मध्ये आणि बसचे अनावरण ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात झाले. अशा घटांतही उत्प्रेरक असतो तो कार्बनवर बसविलेल्या प्लॅटिनमच्या अब्जांश कणांचाच.

चांदी कुठे जाते?

जंतू मारणारी चांदी वापरानंतर सांडपाण्यात जाते, आणि मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रे तर जिवाणूंच्याच भरवशावर चालतात. या चिंतेपोटी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६ मध्ये चांदीचे आयन सोडणारी धुलाईयंत्रे कीटकनाशकांच्या नियमाखाली आणण्याचे ठरविले. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चांदी नसावी, अशी भारतीय मानक ब्यूरोची मर्यादा आहे. ती एकूण चांदीची आहे, कणांच्या आकाराचा विचार त्यात नाही. वर्षानुवर्षे अत्यल्प चांदीला सामोरे गेलेले जिवाणू तिला सरावू शकतात, असेही प्रयोगांत दिसले आहे.

तरीही स्वस्त जलशुद्धीची गरज ओसरलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या परिसरात गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण झपाट्याने वाढले, तेव्हा संशय पाण्याकडेच वळला आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला. ज्या शहरात पाणी गाळण्याच्या शास्त्रावर इतके काम झाले, त्याच्याच वेशीवर लोक पाणी उकळून पिण्याच्या सूचना वाचत होते.

घरासाठी अशी गाळणी घेणाऱ्यांनी एक बाब ध्यानात ठेवावी. चांदीचे कण जंतूंवर काम करतात. पाण्यात विरघळलेले क्षार, फ्लोराइड, नायट्रेट किंवा आर्सेनिक ते काढीत नाहीत. त्यामुळे कूपनलिकेचे पाणी असेल तर त्याची रासायनिक तपासणी आधी करून घ्यावी. पावसाळ्यात पाणी गढूळ येत असेल तर ते आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि मगच गाळणीत ओतावे. अन्यथा राखेची छिद्रे लवकर बुजतात. कांडीवर लिहिलेली लिटरची मर्यादा संपली, की पाणी स्वच्छ दिसत असले तरी कांडी बदलावी लागते.